दीड फेरा

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागले की पंचवीसेक किलोमीटरवर राजूर येते. गावातल्या उंचवट्यावर गणपतीचे मंदिर आहे. गणेशाच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते, म्हणून अंगारकी चतुर्थीला इथे माणसांचा पूर लोटतो. आदल्या रात्रीच जालन्याहून पायी निघालेल्यांच्या रांगा आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली. अशा गर्दीत जुनी फियाट घेऊन आलेल्या माणसाची परीक्षा पहिल्या गिअरमध्ये होते. पुढची गाडी दहा हात सरकते आणि थांबते. इंजिन तापलेले असते, वारा नसतो. गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, धरत नाही म्हणून तो सारखी रेस देतो. रेस दिली की मागे काळा धूर, पाय काढला की इंजिन बंद. मग कोणीतरी खिडकीशी वाकून निदान सांगतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, साहेब."

जुन्या गाडीबद्दल हेच निदान सर्वांत आधी केले जाते आणि ते अनेकदा चुकते.

कार्बोरेटरचे काम एका आकड्यात सांगता येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. वजनात हा फरक फार वाटत नाही. मापात पाहिले तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी. पेट्रोल याहून जास्त झाले तर मिश्रण 'रिच' होते. मग धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, ॲव्हरेज पडते. कमी झाले तर 'लीन' होते. इंजिन अडखळते, तापते, कार्बोरेटरच्या तोंडातून फटका मारते. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गाडीला ठेवायचे, तेही थांबलेली असताना, चढावर, उतारावर, थंडीत आणि उन्हात. हे सगळे एक धातूचा लहानसा डबा वीज किंवा संगणक यांच्याशिवाय करत असे.

त्याची युक्ती ज्यांनी घरात फ्लिटचा पंप पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. पंपाचा दांडा ढकलला की हवा डबीतल्या नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, औषध आपोआप वर ओढले जाते आणि त्याचा धुरळा होतो. कार्बोरेटरमध्ये ही हवा इंजिन स्वतः ओढते. वाटेत तिचा मार्ग मुद्दाम अरुंद केलेला असतो. त्या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये द्रवांच्या वेगाचे आणि दाबाचे हे नाते मांडले. इटलीच्या जोवान्नी बातिस्ता व्हेंतुरीचे नाव त्या अरुंद गळ्यालाच चिकटले. पेट्रोलचा असा फवारा उडवणारा कार्बोरेटर १८९३ च्या सुमारास दोन ठिकाणी तयार झाला. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने केला आणि बुडापेस्टमध्ये डोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने. पुढे १९१० मध्ये फ्रान्समध्ये गुदार आणि मेनेसाँ या दोघांनी 'सोलेक्स' कंपनी सुरू केली. मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडने परवाना घेऊन हे कार्बोरेटर भारतात बनवले आणि ते नाव महाराष्ट्रातल्या गॅरेजांत घरचे झाले.

या गोष्टीचा महाराष्ट्रातला धागा सोलापूरपासून सुरू होतो. तिथे १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवात अमेरिकी क्रायस्लरच्या गाड्यांनी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाले. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, बॉनेट उघडले की समोरच कार्बोरेटर. डॉक्टर, वकील, कापसाचे व्यापारी आणि मुंबईचे टॅक्सीवाले अशा सगळ्यांची ती गाडी होती. उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, पण खासगी फियाटी, पेट्रोल जीपा आणि २००० च्या आधीच्या मारुती ८०० गावोगावी अजून शेडमध्ये उभ्या आहेत. दसऱ्याला त्यांना झेंडूचा हार पडतो, आणि त्यांचा कार्बोरेटर लावून देणारा माणूस शोधावा लागतो.

जाणता मिस्त्री काय करतो हे पाहण्यासारखे असते. तो आधी कार्बोरेटरला हात लावत नाही.

आधी तो एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरतो. मराठवाड्यातला धुरळा बारीक असतो. काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते. हवा कोंडली की मिश्रण रिच होते आणि दोष कार्बोरेटरवर येतो. जुन्या जीपच्या फिल्टरमध्ये तळाशी तेल असायचे, हवेतली धूळ त्यात अडकायची. ते तेल वेळेवर बदलणारे थोडेच. फिल्टरनंतर प्लग. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून पॉइंट. पॉइंट झिजलेले असले, त्यांच्यातले अंतर बिघडलेले असले किंवा टायमिंग सरकलेले असले, तर गाडी जे नखरे करते ते हुबेहूब कार्बोरेटरच्या बिघाडासारखे असतात. टॅपेट जास्त आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि इंजिन स्लोला थरथरते. हे सगळे ठीक झाल्याशिवाय कार्बोरेटरचे स्क्रू फिरवणे म्हणजे चष्म्याची काच पुसण्याआधी नंबर बदलून घेणे.

शेवटची तपासणी चोरट्या हवेची. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग उष्णतेने आकसते, पट्टीचे नट सैल होतात, थ्रॉटलची दांडी वर्षानुवर्षे फिरून भोकात ढिली होते. या फटींतून आत जाणारी हवा पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कोणत्याच जेटच्या हिशेबात नसते. इंजिन चालू ठेवून त्या सांध्यांवर साबणाचे पाणी थोडे थोडे सोडले आणि आवाज बदलला, की फट सापडली. काही जण याच कामाला पेट्रोल वापरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे धोक्याचे आहे, ते कोणीही करू नये.

आता कार्बोरेटर. सोलेक्सच्या साध्या नमुन्यात बाहेरून फिरवण्याचे स्क्रू दोनच. एक थ्रॉटलच्या पट्टीला टेकलेला, तो गाडी थांबलेली असताना इंजिनाचा वेग ठरवतो. दुसरा खालच्या बाजूला, टोकदार आणि बहुधा स्प्रिंग लावलेला. हा मिक्श्चरचा स्क्रू. स्लोवर इंजिनाला किती मिश्रण मिळावे हे तो ठरवतो. सोलेक्समध्ये तो बाहेर काढला की मिश्रण रिच होते, आत घेतला की लीन. काही जातींच्या कार्बोरेटरांत, विशेषतः अनेक दुचाकींत, तोच स्क्रू हवेचा असतो आणि हिशेब उलटा होतो. स्कूटरवर हात बसलेला माणूस फियाटचा स्क्रू उलटा फिरवतो, तो यामुळेच.

गाडी आधी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणायची. थंड इंजिनावर केलेले ट्युनिंग गरम झाल्यावर टिकत नाही. चोक पूर्ण बंद झाला आहे ना हे बघायचे. मग इंजिन बंद करून मिक्श्चरचा स्क्रू हलक्या बोटांनी आत टेकेपर्यंत फिरवायचा. आवळायचा नाही. त्याच्या टोकाला कडा पडली की पुढे तो कधीच नीट बसत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. दीड हा आकडा जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीच्या तोंडी असतो. तो फक्त सुरुवात करण्यापुरता असतो. खरा मुक्काम एका फेऱ्यावर सापडेल किंवा दोनवर.

इंजिन सुरू करायचे आणि वेग थोडा जास्त ठेवायचा. आता मिक्श्चरचा स्क्रू पाव पाव फेरा आत घेत जायचे. प्रत्येक पावानंतर पाच-सात सेकंद थांबायचे, कारण इंजिनाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. एका जागी ते अडखळू लागेल, मिसिंग देईल. ती लीनची हद्द. आता तसेच बाहेर यायचे. आवाज गोल होत जाईल, वेग चढेल, मग एका जागी वाढायचा थांबेल. आणखी बाहेर काढले तर इंजिन जड होईल, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखे खालीवर होऊ लागेल. ती रिचची हद्द. या दोन्हींच्या मध्ये, जिथे वेग सर्वांत जास्त होता तिथून किंचित लीनकडे, स्क्रू ठेवायचा. मग पहिल्या स्क्रूने वेग खाली आणायचा, मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांपर्यंत. वेग उतरला की मिश्रण थोडे हलते, म्हणून सगळे पुन्हा एकदा करायचे. दोनदा केले की काम होते. तिसऱ्यांदाही जमले नाही, तर दोष दुसरीकडे आहे असे समजून थांबलेले बरे.

व्हॅक्यूम गेज असेल तर काम सोपे होते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. प्रत्येक हजार फुटांमागे त्यातला सुमारे एक इंच वजा करावा लागतो. जालना जिल्ह्याची उंची पाचशे मीटरांच्या आसपास, म्हणजे इथे दीडेक इंच कमी दिसले तर घाबरायचे कारण नाही. काटा किती दाखवतो यापेक्षा तो स्थिर आहे का हे महत्त्वाचे. जुने मिस्त्री हीच स्थिरता सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून मोजतात. फुंकर एकसारखी लागली पाहिजे, मध्येच आत ओढल्यासारखे वाटले तर एखादा सिलिंडर काम करत नाही.

लोक फसतात ते यापुढच्या एका मुद्द्यावर. मिक्श्चरच्या स्क्रूचा अंमल फक्त स्लोवर आणि त्याच्या जरा पुढेपर्यंत चालतो. गाडी रस्त्यावर धावू लागली की पेट्रोल मेन जेटमधून येते आणि त्या स्क्रूचा तिथे जवळजवळ काही संबंध राहत नाही. ॲव्हरेज मिळत नाही म्हणून तो स्क्रू आत आत घेणाऱ्यांना ॲव्हरेज तर मिळत नाहीच, वर गाडी प्रत्येक फाटकाशी बंद पडते. धावतानाचा दोष शोधायचा तर प्लग बोलतो. चार-पाच किलोमीटर सरळ चालवून गाडी बाजूला घ्यायची, इंजिन लगेच बंद करायचे आणि निवल्यावर प्लग काढायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीसारखे काळे म्हणजे रिच, पांढरेफटक म्हणजे लीन.

मेन जेट हा पितळेचा एवढासा तुकडा, मधोमध भोक असलेला. सोलेक्सच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. या तुकड्यावर सर्वांत जास्त अत्याचार होतात. कचरा अडकला की कोणी टाचणी घालतो, कोणी क्लचच्या वायरचा धागा. पितळ मऊ असते. भोक फक्त पाच शतांश मिलिमीटरने मोठे झाले, म्हणजे १२० चे १२५ झाले, तरी त्याचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. तेवढे जास्त पेट्रोल त्या दिवसापासून रोज जळते आणि जेटवर आकडा मात्र १२० च राहतो. जेट साफ करायचा तो पेट्रोलने धुऊन आणि पंपाच्या हवेने फुंकून. जिद्दी कचऱ्याला जास्तीत जास्त नायलॉनचा धागा.

कार्बोरेटरच्या डबीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटलाही कचरा असाच नडतो. टाकीतला कचरा फ्लोटच्या नीडलखाली अडकला की डबी भरून वाहते, सगळीकडे पेट्रोलचा वास येतो आणि इंजिन गुदमरते. अंगारकीच्या रांगेतल्या काळ्या धुराचे एक कारण हे असू शकते. दुसरे कारण नुसती उष्णता. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात आणि बॉनेटखाली एप्रिल-मेमध्ये त्याहून कितीतरी जास्त तापमान असते. उभ्या गाडीत डबीतले पेट्रोल उकळून गळ्यात ठिबकते किंवा टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या नळीत वाफ कोंडते. ओला फडका पंपावर गुंडाळून दहा मिनिटे सावलीत थांबणे, हा जुना उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे. अशा वेळी स्क्रू फिरवला तर संध्याकाळी गार हवेत गाडी बिघडलेली सापडते.

हवा पातळ झाली की मिश्रण रिच होते, मग ती उंचीमुळे पातळ होवो की उन्हामुळे. मुंबईत लावलेली गाडी महाबळेश्वरला नेली तर ती तिथे सहा-सात टक्के रिच चालते. तीच गाडी मे महिन्याच्या दुपारी, पारा ४२-४३ अंशांवर असताना, राजूरला आणली तर उंची आणि ऊन मिळून चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे मात्र गार हवा उंचीची भरपाई करते आणि हिशेब जवळजवळ मुंबईसारखा होतो.

या जुन्या हिशेबात आता नवा आकडा आला आहे. पेट्रोलमधले इथेनॉल २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचे ई-२० पेट्रोल विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पसरले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते, एका किलोला नऊच किलो. वीस टक्के मिसळले की १४.७ चा आकडा साधारण १३.५ वर येतो. नव्या गाडीचा संगणक सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजून पेट्रोल वाढवतो. जुन्या सोलेक्सला हे कळायला मार्ग नाही. तो आपला पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो आणि इंजिन सुमारे आठ टक्के लीन चालते. उन्हाळ्यात राजूरची पातळ हवा यातले निम्मे झाकून टाकते. थंडीत ते उघडे पडते. चोकशिवाय गाडी धरत नाही, पिकअपला खड्डा पडतो, चढावर इंजिन तापते. "उन्हाळ्यात चांगली होती, दिवाळीनंतर बिघडली" ही तक्रार इथून येते.

स्लोचा दोष मिक्श्चर स्क्रू पाव-अर्धा फेरा बाहेर घेऊन जातो. धावतानाच्या दोषाला, प्लग खरोखर पांढरा येत असेल तरच, मेन जेट एक-दोन मापांनी मोठा घालावा लागतो. १२० वरून १२५ म्हणजे साडेआठ टक्के, आणि कमतरता आठ टक्क्यांची. गणित जुळते, पण ते गणितावर सोडू नये, प्लग पाहूनच ठरवावे. अनेक जुन्या गाड्या मुळातच थोड्या रिच लावलेल्या असत आणि त्यांना जेट बदलायची गरजच पडत नाही.

इथेनॉलचा रबरावर होणारा परिणाम याहून गंभीर आहे. जुन्या पाइपा, पेट्रोल पंपाचा पडदा, ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा हे सगळे त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेले रबर आहे. ते फुगते, चिरते, त्याचे कण सुटून जेटमध्ये जातात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरते. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी डबीच्या तळाशी बसते आणि कार्बोरेटरच्या जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते. अशा वेळी कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय हे निदान अगदी बरोबर ठरते. म्हणून पाइपा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्यात, आणि दोन महिने गाडी काढायची नसेल तर डबी रिकामी करून ठेवावी.

काम झाल्यावर पीयूसीच्या यंत्रावर गाडी जरूर न्यावी. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. कानाने नीट लावलेली फियाट त्यात बसते, आणि कागदावरचा तो आकडा मिस्त्रीच्या कानाचे गुणपत्रक ठरतो. हा वायू बिनवासाचा आणि जीवघेणा असतो, म्हणून ट्युनिंग बंद शेडमध्ये करू नये. शटर वर, गाडी उघड्यावर, विडी लांब, आणि हाताशी वाळूची बादली.

आणि जेट बदललाच, तर काढलेला जुना जेट टाकून देऊ नका. औषधाच्या रिकाम्या डबीत घाला, वर चिठ्ठीवर नंबर, तारीख आणि तेव्हाचे स्क्रूचे फेरे लिहा आणि डबी गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या मिस्त्रीला सुरुवात तिथूनच करावी लागणार आहे.